लिंगावर न दुखणारी जखम, जांघेत गाठी: कॅन्सर म्हणायच्या आधी काय काय बघायचं?

माणदेशी_एमओ

नमस्कार. आटपाडी तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून विचारतोय. पेशंट चाळिशीतला, ट्रकवर असतो, महिन्यातले बरेच दिवस घराबाहेर. लिंगाच्या बोंडामागच्या खाचेत एकच जखम, ५ आठवडे झाली. दुखत नाही, हाताला कडक लागते. दोन्ही जांघांत गाठी आहेत. गावाकडे याला "अवधाण आलंय" म्हणून सोडून देतात, त्यानेही तेच केलं. मध्ये कुणीतरी सिप्रोफ्लॉक्सासिन आणि स्टेरॉइड मिसळलेलं मलम दिलं. मग एका खासगी दवाखान्यात नुसतं बघून "कॅन्सर वाटतोय, लिंगाचा भाग काढावा लागेल" असं सांगितलं. तेव्हापासून माणूस जेवत नाही.

त्याच्याकडे व्हीडीआरएलचा (सिफिलिस म्हणजे गरमीसाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह रिपोर्ट आहे, पण तो जखम दिसल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशीचा. वजन घटलेलं नाही, ताप नाही. तंबाखू खातो. माझे प्रश्न: हा रिपोर्ट धरून गुप्तरोग नाही असं म्हणायचं का? आधी बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) की आधी पेनिसिलिनचं इंजेक्शन? आणि असे आणखी कुठले आजार आहेत जे कॅन्सरचं सोंग घेतात?

---

त्वचा_गुप्तरोग_मिरज

डॉक्टर, तो रिपोर्ट बाजूला ठेवा. सिफिलिसची पहिली जखम संपर्कानंतर ९ ते ९० दिवसांत उठते, बहुतेकांना तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. व्हीडीआरएल पॉझिटिव्ह व्हायला जखम उठल्यावरही १ ते ४ आठवडे जातात. पाचव्या दिवशीचं रक्त निगेटिव्ह येऊच शकतं. त्यावरून फक्त "तेव्हा अँटिबॉडी तयार नव्हत्या" एवढंच कळतं. आज पुन्हा रक्त घ्या. व्हीडीआरएल टायटरसह (सीरम किती पट पातळ करेपर्यंत पॉझिटिव्ह येतं तो आकडा), सोबत टीपीएचए (सिफिलिसच्या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी), आणि संमती घेऊन एचआयव्ही. लॅबला फोन करून सांगा की सीरम पातळ करूनही बघा. अँटिबॉडी फार जास्त असल्या तर न पातळ केलेल्या सीरममध्ये गुठळ्या जमत नाहीत आणि खोटा निगेटिव्ह येतो. त्याला प्रोझोन म्हणतात. एचआयव्ही असलेल्यांत आणि गरोदरपणात तो जास्त दिसतो.

आता हाताने तपासा. हातमोजा घालून अंगठा आणि तर्जनीत जखम दोन्ही बाजूंनी हलकेच धरा. सिफिलिसच्या जखमेखाली कातडीत शर्टाचं बटण शिवलंय असं वाटतं. सगळीकडे सारखं कडक, कडा नीट, तळ स्वच्छ, थोडा ओलसर, दाबलं तरी पेशंट दचकत नाही. गाठी रबरासारख्या, सुट्या, एकमेकींना न चिकटलेल्या. कॅन्सरची जखम एकीकडे जास्त कडक, कडा बाहेर उलटलेली, तळ खडबडीत, वास, हात लावला की रक्त. जांघेतली गाठ दगडासारखी, कधी खाली चिकटलेली. हे झालं पुस्तकातलं चित्र. स्टेरॉइडचं मलम लावलेल्या ५ आठवड्यांच्या जखमेत ते पुसट होतं, म्हणून निकाल बोटांवर सोडू नका.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे मोजपट्टी. प्लास्टिकची पट्टी शेजारी धरून लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. सिफिलिसची जखम औषध न देताही ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरते (आणि इथेच माणूस फसतो, बरा झालो समजून दुसरा टप्पा अंगावर घेतो). पाचव्या आठवड्यात ती बारीक व्हायला लागली पाहिजे. वाढत असेल तर माझा संशय कॅन्सरकडे जास्त झुकेल.

सिप्रोफ्लॉक्सासिनचा सिफिलिसवर काही उपयोग नाही. मलम आजच बंद करा.

---

शल्य_कराड

वरच्या उत्तराला जोडून. नुसतं बघून कुणाचंही लिंग कापायचं ठरवता येत नाही. तुकड्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय "भाग काढावा लागेल" हे वाक्य पेशंटपुढे उच्चारूही नये.

पण उलटी चूकही तेवढीच घातक असते आणि आपल्याकडे ती जास्त होते: गुप्तरोग समजून सहा-सहा महिने गोळ्या. लिंगाच्या कॅन्सरमध्ये माणूस वाचतो की नाही हे बरंचसं जांघेतल्या गाठींवर ठरतं, त्यामुळे तिथे वेळ घालवणं म्हणजे आयुष्य घालवणं. पुढची कातडी मागे सरते का, ते बघा. सरत नसेल आणि आत काही कडक लागत असेल, घाण वासाचा स्राव असेल, तर गुप्तरोगाच्या सरकारी किटचं औषध देऊन घरी पाठवू नका, कातडी उघडून आत बघावंच लागतं. तुमच्या पेशंटची कातडी मागे जाते असं दिसतंय, तेवढं बरं.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नातलं एक मी घेतो, कारण त्याबद्दल कुणी विचारतच नाही. गुदमार्गातून रक्त, शेंब, सारखी शौचाची भावना, आणि बोटाने तपासल्यावर आत कडक जखम किंवा आकसलेली जागा. कोलोनोस्कोपीत दृश्य हुबेहूब गुदाशयाच्या कॅन्सरचं. बायोप्सी एकदा, दोनदा "फक्त सूज, कॅन्सर पेशी नाहीत" अशी येते. अशा वेळी तिसरी बायोप्सी घेण्याआधी गुदसंभोगाबद्दल शांतपणे विचारा. पुरुषांनाही आणि बायकांनाही. क्लॅमिडियाच्या एल-१, एल-२, एल-३ या जाती तिथे एलजीव्ही नावाचा आजार करतात, सिफिलिसही तिथे असाच दिसतो. क्लॅमिडियासाठी तिथल्या स्वॅबची पीसीआर तपासणी, सोबत व्हीडीआरएल आणि एचआयव्ही. एलजीव्हीला डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, २१ दिवस. सात दिवस देऊन थांबलं तर जखम अर्धवट राहते आणि जागा आकसत जाते.

एलजीव्हीची जांघेतली बद (सुजलेली गाठ) पिकली तर चिरा देऊ नका, नासूर होतो. वरच्या बाजूने निरोगी कातडीतून जाड सुई घालून पू ओढून घ्यायचा, गरज पडली तर पुन्हा. जांघेच्या आडव्या पट्ट्याच्या वर एक गाठ, खाली एक आणि मध्ये खाच दिसली तर एलजीव्ही डोक्यात येऊ द्या, पण लिम्फोमामध्येही अशी खाच दिसू शकते.

आणि पेट स्कॅनमध्ये चमकलं म्हणजे कॅन्सर, असं नाही. त्या स्कॅनमध्ये टोचलेली साखर कुठे जाते ते दिसतं, आणि जिथे सूज आहे तिथेही साखर ओढली जाते. सिफिलिसच्या गाठी चमकतात, टीबीच्याही चमकतात.

---

स्लाइड_सांगली

पॅथॉलॉजीच्या बाजूने. आमच्याकडे येणाऱ्या अर्जावर निम्म्या वेळा एवढंच लिहिलेलं असतं: "अल्सर, टू रूल आउट मॅलिग्नन्सी". बाकी काही नाही. लाजेपोटी संपर्काचा इतिहास लिहीत नाहीत. पण तो लिहिला नाही तर जंतू शोधायचे खास रंग लावायचं आम्हाला सुचणार कसं? नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात सिफिलिसचा जंतू दिसतच नाही.

फसगत कशी होते ते सांगतो. जुन्या संसर्गाच्या जखमेभोवती कातडीचा वरचा थर खाली वाढतो, जणू बोटं खाली खुपसली आहेत. तुकडा बारीक असेल आणि तिरका कापला गेला तर ती बोटं आडवी कापली जातात आणि स्लाइडवर सुटी बेटं दिसतात. आत घुसलेल्या स्क्वॅमस कार्सिनोमाची (कातडीच्या वरच्या थराचा कॅन्सर) बेटंही अशीच दिसतात. फरक केंद्रकात असतो: खोट्या वाढीत पेशी शहाण्या, विभाजन फक्त तळाच्या थरात, भोवती प्लाझ्मा पेशींची गर्दी आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजलेल्या. प्लाझ्मा पेशी अशा खच्चून दिसल्या की सिफिलिसचा विचार झालाच पाहिजे. चांदीच्या रंगाने जंतू दिसतात, पण मागचे धागेही काळे होतात, त्यामुळे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (अँटिबॉडी वापरून जंतू रंगवण्याची पद्धत) जास्त भरवशाची.

म्हणून तुकडा घेताना: जखमेच्या कडेवरून, थोडी निरोगी कातडी धरून, खोलवर. ४ मिलिमीटरचा पंच चालतो, पाचरीसारखा तुकडा त्याहून चांगला. मधल्या सडलेल्या भागातून घेतला तर रिपोर्ट "नेक्रोसिस" (मेलेल्या पेशी) एवढाच येतो आणि पेशंटची फेरी वाया जाते. चिमट्याने चेंगरू नका. तुकड्याच्या किमान दहापट १० टक्के फॉर्मॅलिन, रुंद तोंडाची बाटली. सलाइनमध्ये पाठवलेला तुकडा आटपाडीहून सांगलीला येईपर्यंत कुजायला लागलेला असतो, स्पिरिटमधला आकसून ताठ. टीबीचा संशय असेल तर मात्र दुसरा तुकडा मुद्दाम वेगळ्या बाटलीत सलाइनमध्ये, जीन एक्स्पर्टसाठी (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी). त्या बाटलीत फॉर्मॅलिनचा थेंबही नको, डीएनए खराब होतो.

डोनोव्हॅनोसिस हा गुप्तरोग आता क्वचित दिसतो, पण फसवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. चार्ल्स डोनोव्हन यांनी १९०५ मध्ये मद्रासमध्ये हे जंतू दाखवले. न दुखणारी, ताज्या मांसासारखी लालबुंद, बोट लागताच रक्त येणारी वाढ. गर्भाशयाच्या तोंडावर असेल तर कुणीही कॅन्सरच म्हणेल. यात बायोप्सीपेक्षा चेंगरून केलेली स्लाइड बरी: कडेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा दोन काचांमध्ये दाबायचा, वाळवायचा, जीम्सा रंग लावायचा. मोठ्या पेशींच्या आत मिटलेल्या सेफ्टी पिनसारखे जंतू दिसतात. उपचार अॅझिथ्रोमायसिन आठवड्याला १ ग्रॅम, किमान ३ आठवडे आणि जखम पूर्ण भरेपर्यंत. नाही भरली तर पुन्हा बायोप्सी, कारण जुन्या जखमेत खराच कॅन्सर उगवू शकतो.

एक विनंती. चामखिळींवर पोडोफायलिन लावलं असेल तर ते अर्जावर लिहा, तारखेसह. त्या औषधाने पेशींचं विभाजन मध्येच अडकतं आणि स्लाइडवर अडकलेल्या विभाजनांची रांग लागते. माहीत नसेल तर "कार्सिनोमा इन सिटू" (वरच्या थरातच असलेला कॅन्सर) असा रिपोर्ट जाऊ शकतो. काही आठवडे थांबून तुकडा घेतला की चित्र निवळतं. चामखिळीचा फुलकोबीएवढा गोळा झाला असेल तर वरवरचा तुकडा नको. बुशके-लोव्हेनस्टाइन म्हणतात तो प्रकार वरून साधी चामखीळ आणि तळाशी कॅन्सर असू शकतो, खोल तुकडा हवा.

---

दंत_मुखरोग_विटा

तोंडाबद्दल थोडं. आपल्याकडे तंबाखूचा बार आणि बायकांमध्ये मिश्री, त्यामुळे तोंडातली जखम दिसली की सगळे एकाच दिशेने बघतात, आणि बहुतेकदा ते बरोबरच असतं. पण जखम ओठावर, जिभेच्या टोकाला किंवा टॉन्सिलवर आहे, बार जिथे धरतात त्या गालाच्या घडीत नाही, ती काही आठवड्यांचीच आहे आणि जबड्याखाली रबरासारखी गाठ आहे, तर मुखमैथुनाबद्दल विचारा आणि व्हीडीआरएल करा. सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्यात तोंडात करडे-पांढरे, गोगलगाय सरकून गेल्यासारखे ओले पट्टे येतात, ते ल्युकोप्लाकिया (तंबाखूने येणारे पांढरे चट्टे) समजले जातात. तंबाखू खाणाऱ्याची बायोप्सी मात्र व्हीडीआरएलसाठी अडवून ठेवायची नाही. दोन्ही एकाच दिवशी.

---

स्त्रीरोग_सातारा

बायकांची बाजू यात सगळ्यात जास्त दुर्लक्षित, म्हणून थोडं सविस्तर.

"अंगावरून पांढरं जातंय, संबंधानंतर लाल जातं, पिशवीच्या तोंडाला हात लावला की रक्त येतं." क्लॅमिडिया, गनोरिया, ट्रायकोमोनास या तिन्हींत हे होतं आणि कॅन्सरमध्येही होतं. आरोग्य केंद्रावर व्हीआयए ही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी करताना (३ ते ५ टक्के अॅसेटिक अॅसिड, ताजं बनवलेलं, लावल्यावर पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून थांबायचं) सुजलेल्या तोंडावर पुसट, विखुरलेला, कडा नसलेला पांढरेपणा येतो. तो पॉझिटिव्ह धरला जातो आणि बाई घरी जाऊन रडते. खरा पांढरेपणा दाट, चुन्यासारखा, कडा स्पष्ट आणि पेशींचा थर बदलतो त्या सीमेला चिकटलेला असतो. स्राव आणि सूज असेल तर आधी उपचार: गर्भाशयमुखाच्या सुजेला करड्या रंगाचं किट १ (अॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम), योनीच्या स्रावाला हिरवं किट २, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं किट ६. त्यात डॉक्सीसायक्लिन आहे, म्हणून आधी गरोदरपणाची तपासणी. नवऱ्याला औषध दिलं नाही तर महिन्यात सगळं परत येतं. औषध संपल्यावर २-३ आठवड्यांनी पुन्हा व्हीआयए. पॅप स्मिअरचंही तसंच, ट्रायकोमोनासमुळे पेशींभोवती कडी दिसतात आणि एचपीव्हीचा (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण होणारा विषाणू) भास होतो.

पण स्पेक्युलम घातल्यावर डोळ्यांना गोळा दिसतोय, किंवा पाळी गेलेल्या बाईला रक्त जातंय, तर किट नको. त्याच दिवशी बायोप्सीसाठी पाठवा.

दुसरी फसगत सोनोग्राफीच्या रिपोर्टवर होते. बीजनलिका आणि बीजकोशात पू साठला की "कॉम्प्लेक्स मास" लिहून येतं, सीए-१२५ (बीजकोशाच्या कॅन्सरच्या संशयात करतात ती रक्ततपासणी) केलं की ३५ च्या वर, आणि घरात रडारड. सीए-१२५ ओटीपोटाच्या संसर्गात, टीबीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये, अगदी पाळी चालू असतानाही वाढतं. पोटाच्या टीबीत तर ५०० च्या पुढे जाऊ शकतं, पोटात पाणीही होतं. ताप, पांढऱ्या पेशी वाढलेल्या, पिशवीचं तोंड हलवलं की असह्य कळ, वय कमी: आधी दवाखान्यात भरती करून शिरेतून अँटिबायोटिक. ४८ ते ७२ तासांत ताप उतरायला हवा. पाळी गेल्यानंतरची गाठ असेल तर मात्र संसर्ग समजून वेळ घालवू नका.

आणि हे मला रागानेच लिहावं लागतंय: पांढरं जातं म्हणून "पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल" असं सांगून तिशीतल्या बायकांची पिशवी काढायची पद्धत आहे. ऊसतोड महिलांच्या बाबतीत हा प्रश्न २०१९ मध्ये बीडमुळे राज्यभर गाजला, त्याच टोळ्या गळिताच्या हंगामात आपल्याकडच्या कारखान्यांवर असतात. क्लॅमिडियाचा उपचार गोळ्यांनी होतो. पिशवीसोबत बीजकोशही गेले की पस्तिशीत पाळी जाते, हाडं ठिसूळ होतात, आणि तिला पुन्हा कोयता धरायचा असतो. कॅन्सरची भीती घालणाऱ्याने स्मिअर किंवा बायोप्सीचा कागद दाखवायलाच हवा. तो मागायला बायकांना शिकवा.

---

माणदेशी_एमओ

सगळ्यांचे आभार. आज पुन्हा बोलावलं. जखम १३ बाय ९ मिलिमीटर, कातडी पूर्ण मागे जाते, गाठी सुट्या. सिफिलिसचा रॅपिड कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह, एचआयव्ही निगेटिव्ह, व्हीडीआरएल पाठवलंय. मग आता पेनिसिलिन देऊन मोकळं व्हायचं ना? आणि आधी इंजेक्शन दिलं तर बायोप्सी बिघडेल का?

---

त्वचा_गुप्तरोग_मिरज

इंजेक्शन द्या, पण मोकळं व्हायचं नाही. रॅपिड कार्ड आणि टीपीएचए एकदा पॉझिटिव्ह झाले की बहुतेकांत आजार बरा झाल्यावरही जन्मभर तसेच राहतात. दहा वर्षांपूर्वी गरमी होऊन गेलेल्या माणसाला आज कॅन्सर झाला तरी कार्डावर दोन रेघा येणार. चालू आजार कळतो तो व्हीडीआरएलच्या टायटरवरून.

बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, पांढऱ्या किट ३ मध्ये मिळतं, सोबत १ ग्रॅम अॅझिथ्रोमायसिन असतं. अॅलर्जीचा इतिहास विचारा, टेस्ट डोस द्या, अॅड्रेनालिन भरून हाताशी ठेवा. दोन्ही कुल्ल्यांत १२-१२ लाख, खोल स्नायूत. २१ नंबरची सुई, कारण औषध दाट असतं, बारीक सुई अडकते. पाणी घातल्यावर कुपी नीट हलवून लगेच ओढा, हळू सोडा. शिरेत कधीही नाही, म्हणून आधी मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघा. अर्धा तास बसवून ठेवा. त्या रात्री थंडी वाजून ताप, अंगदुखी येऊ शकते. जंतू एकदम मरतात म्हणून होतं ते. आधीच सांगून ठेवा आणि पॅरासिटामॉल द्या, नाहीतर तो "इंजेक्शन बाधलं" म्हणून परत येणार नाही.

७ व्या दिवशी आणि १४ व्या दिवशी त्याच पट्टीने मोजा. सिफिलिस असेल तर आठवड्यातच तळ कोरडा पडून कडा आत येतात. व्हीडीआरएल ३, ६ आणि १२ महिन्यांनी त्याच लॅबमध्ये. टायटर चारपट उतरला पाहिजे, म्हणजे १:३२ असेल तर १:८ किंवा खाली. दोन वेगवेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका.

---

शल्य_कराड

इंजेक्शनने बायोप्सी बिघडत नाही. जंतू दिसायचे बंद होतील, कॅन्सर असेल तर तो जागचा हलणार नाही. १४ व्या दिवशी जखम निम्मीही झाली नसेल, किंवा ७ व्या दिवशी वाढलेली दिसली, तर त्याच दिवशी बायोप्सी आणि गाठीची एफएनएसी (बारीक सुईने पेशी ओढून तपासणी). ती तारीख केसपेपरवर आजच लिहून त्याच्या मोबाइलमध्येही घाला. ट्रकवाला आहे, नागपूरला असला तर १४ व्या दिवसाचा ४० वा दिवस होतो.

---

समुपदेशक_सातारा

डॉक्टर, गावाचं नाव लिहिलं नाहीत ते बरं केलंत. एवढ्या तपशिलावरून छोट्या गावात माणूस ओळखता येतो.

जखम उठण्याआधीच्या ९० दिवसांतल्या संपर्कातून ती असू शकते, म्हणून तेव्हापासून आजपर्यंतच्या सगळ्या जोडीदारांना तपासणी लागते, आणि गेल्या ९० दिवसांतल्यांना उपचारही, त्यांचं रक्त निगेटिव्ह आलं तरी. बायकोला त्यानेच आणायचं, आपण परस्पर निरोप धाडायचा नाही. त्याला एकट्याला बसवा, सोबत आलेल्या मेहुण्याला चहाला पाठवा. "बाहेर गेला होतात का" असं विचारलं की "नाही" येतं. "गेल्या चार महिन्यांत किती जणांशी संबंध आला, बायका की पुरुष, निरोध होता का" असं नाव-गाव न विचारता एका दमात विचारलं की उत्तर मिळतं. एचआयव्ही ३ महिन्यांनी पुन्हा करावी लागेल. जखम भरेपर्यंत संबंध बंद, निरोध असला तरी.

जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (सरकारी गुप्तरोग दवाखाना) तपासणी आणि किट दोन्ही मोफत आहेत. चिठ्ठीवर "गुप्तरोग" न लिहिता खोली क्रमांक लिहून द्या, नाहीतर तो रांगेत कुणाला विचारणार नाही आणि तसाच परत फिरेल.

बायकोला दिवस गेलेत का, हे आजच विचारून घ्या. गेले असतील तर तिचं व्हीडीआरएल उद्यावर टाकू नका. गरोदरपणात उपचार पेनिसिलिननेच होतो, डॉक्सीसायक्लिन चालत नाही, आणि अॅझिथ्रोमायसिनने पोटातल्या बाळाचा उपचार होतो असं धरता येत नाही.